सेंट लुशियात बोट थांबते तेव्हा: स्वतःची गाडी, स्वतःचा गाइड

सासूबाईंना बसच्या उंच पायऱ्या चढवत नाहीत, सासऱ्यांना दर तासाला बाथरूम लागतं आणि धाकटीला वळणांच्या रस्त्यावर गाडी लागते. अशा कुटुंबाने पन्नास जणांच्या बसमधून बेट बघायला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. कॅरिबियन क्रूझवर बोट एकेका बेटावर साधारण सात-आठ तास थांबते. तेवढ्या वेळासाठी स्वतःची गाडी आणि गाइड ठरवला की "जरा थांबा हो" म्हणायची मोकळीक राहते. आम्ही फ्लोरिडात राहतो आणि भारतातून घरचे आले की त्यांना बोटीवर नेतो, त्यामुळे हे बारकावे अनुभवाने जमत गेले. उदाहरण सेंट लुशियाचं देते, कारण खासगी गाइडचा सगळ्यात जास्त फायदा मला तिथे वाटतो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. क्रूझ कंपनीकडून घेतलेल्या सहलीची बस उशिरा आली तर बोट तिच्यासाठी थांबते. तुमच्या खासगी गाडीसाठी थांबत नाही. पुढचं सगळं नियोजन याच एका वाक्यावर उभं आहे. थांबा सहा तासांपेक्षा कमी असेल, तर मी लांबचा बेत करतच नाही. आणि बोट धक्क्याला न लागता समुद्रात नांगर टाकून छोट्या बोटींनी माणसं किनाऱ्यावर सोडणार असेल, जसं ग्रँड केमन बेटावर होतं, तर पहिल्या फेऱ्या बहुधा कंपनीच्या सहलीवाल्यांना मिळतात आणि आपला तास रांगेतच जातो. सेंट लुशियात राजधानी कॅस्ट्रीजच्या बंदरात मोठ्या बोटी थेट धक्क्याला लागतात, म्हणून तिथे हा बेत बसतो.

गाइड दीड-दोन महिने आधी शोधा. लोकांचे अभिप्राय वाचताना "फार छान माणूस" यापेक्षा "आम्हाला वेळेत बोटीवर सोडलं" असं किती जणांनी लिहिलंय ते बघा. त्याच्याकडे टॅक्सीचा परवाना हवा. सेंट लुशियात परवानाधारक टॅक्सीच्या नंबरप्लेटवर सुरुवातीला टीएक्स ही अक्षरं असतात. प्रवाशांचा विमा आहे का, हे विचारायला संकोच करू नका. लहान मुलाची सीट गाडीत असेलच असं धरून चालू नका. आम्ही धाकटीची बूस्टर सीट बोटीवरून बरोबर नेतो.

मग त्याला एकच सविस्तर मेसेज पाठवा. तिकडे बहुतेक जण व्हॉट्सअॅपवर असतात. बोटीचं नाव, तारीख, यायची आणि सुटायची वेळ, माणसं किती, त्यांची वयं, कुणाला चालायला त्रास आहे का, कोण शाकाहारी आहे, हे सगळं त्यात लिहा. आणि हे प्रश्न विचारा: भाव गाडीचा की माणशी? अमेरिकन डॉलर की ईस्टर्न कॅरिबियन डॉलर, म्हणजे तिथलं चलन? बागांची आणि कुंडांची तिकिटं त्यात धरली आहेत का? बोट आलीच नाही तर पैसे लागतील का?

डॉलरचा प्रश्न किरकोळ समजू नका. एका अमेरिकन डॉलरला 2.70 ईस्टर्न कॅरिबियन डॉलर हा दर 1976 पासून ठरलेला आहे. "दोनशे डॉलर" हा आकडा कोणत्या डॉलरचा, यावर जवळजवळ तिप्पट फरक पडतो. शेवटचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. वारा वाढला की कप्तान बंदर सरळ गाळून पुढे जातो आणि खासगी गाइडला दिलेली आगाऊ रक्कम क्रूझ कंपनी भरून देत नाही. म्हणून बोट न आल्यास एक पैसाही लागणार नाही असं लिहून देणाराच गाइड मी घेते, आणि बहुतेक पैसे फेरी संपल्यावर देते.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांसाठी वाटेतल्या प्रत्येक बेटाचा व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या. बोट अमेरिकेतून सुटून अमेरिकेतच परत येणार असेल, तर आई-वडिलांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, तेही बघा. मी पासपोर्टच्या प्रती आणि फोटो ओळखपत्र बरोबर ठेवते.

आता घड्याळ. सेंट लुशियात वर्षभर एकच वेळ असते. बोट पोर्तो रिकोच्या सान ह्वानहून निघाली असेल तर फरक पडत नाही, कारण तिथेही तीच वेळ आहे. पण हिवाळ्यात फ्लोरिडाहून निघालात, तर बेटाचं घड्याळ फ्लोरिडाच्या एक तास पुढे असतं. बोटीवरची घड्याळं कप्तान बदलेल किंवा नाही बदलणार. तुम्हाला परत पोहोचायचंय ते बोटीच्या वेळेने. मोबाइल आपोआप बेटाची वेळ दाखवतो, म्हणून मी साधं मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेवर लावते. गाडीत बसल्या बसल्या गाइडला सांगायचं, "बोटीवर साडेचारला सगळे आत हवेत, आम्हाला तीनला धक्क्यावर सोडा." दीड तास हातात ठेवणं मला अजिबात जास्त वाटत नाही. बेटावरची बघायची मुख्य ठिकाणं सुफ्रिएर गावाजवळ आहेत; कॅस्ट्रीज ते सुफ्रिएर हा पश्चिम किनाऱ्याचा रस्ता घाटाचा आहे, एका बाजूने जायला सव्वा ते दीड तास लागतो. पाऊस पडून दरड आली की पर्यायी वाट बरीच लांबची आहे.

भेटायची जागाही नक्की करा. कॅस्ट्रीजच्या बंदरात बोटी दोन ठिकाणी लागतात: पॉइंट सेराफीन आणि पाण्यापलीकडे शहराच्या बाजूला ला प्लास कॅरेनाज. तुमची बोट कुठे लागणार हे चांगल्या गाइडला कळतंच, तरी आदल्या दिवशी विचारून घ्या. गाडीचा नंबर आणि गाइडचा फोटो मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, समुद्रात इंटरनेटचा भरवसा नसतो. धक्क्याच्या दारात "टॅक्सी, टॅक्सी" म्हणत बरेच जण पुढे येतात. त्यांना हसून "गुड मॉर्निंग, आमची गाडी ठरली आहे" म्हणायचं. या बेटांवर गुड मॉर्निंग न म्हणता थेट प्रश्न विचारणं उद्धटपणाचं समजतात. सासरे तर सगळ्यांना क्रेऑल या तिथल्या बोलीत "बॉन्जू" म्हणत चालतात, आणि लोकांचे चेहरे लगेच खुलतात.

कपड्यांबद्दल एक ताकीद: लष्करी छापाचे, हिरवे-तपकिरी ठिपक्यांचे कपडे सेंट लुशियात सामान्य माणसाने घालणं कायद्याने बंद आहे. मुलांची टोपीसुद्धा चालत नाही. बोटीवरची फळंही खाली नेऊ नका.

रस्त्याचा माझा नियम असा: आधी सगळ्यात लांबचं ठिकाण, बाकीचं परतीच्या वाटेवर. उशीर झालाच तर बंदराजवळचं काहीतरी गाळता येतं. लांब गेल्यावर वेळ कमी पडला तर काहीच करता येत नाही. बरेच गाइड जाता जाता मोर्न फोर्च्यून, मारिगो बे, आन्स ला रे अशा सगळ्या ठिकाणी थांबायला बघतात. मी त्यांना विनंती करते की जाताना फक्त मारिगोच्या वळणावर धाकटीसाठी पाच मिनिटं थांबा, आणि पुढे थेट सुफ्रिएर. गाडी लागणाऱ्याला पुढच्या सीटवर बसवा. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात.

सुफ्रिएरच्या वरच्या वळणावर पिटॉन नावाचे दोन्ही सुळके एकदम समोर येतात. ग्रो पिटॉन 771 मीटर, पेटी पिटॉन 743 मीटर, दोन्ही समुद्रातून सरळ वर गेलेले. 2004 पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. इथे फोटोसाठी घाई करू नका; खासगी गाडीचे पैसे अशाच ठिकाणी वसूल होतात.

तिथून सल्फर स्प्रिंग्ज. इथे ज्वालामुखीच्या मुखापर्यंत गाडी जाते. उकळणारी काळी डबकी, वाफा आणि कुजक्या अंड्यांचा वास. चिखलाने अंग माखून गरम पाण्यात बसायची सोय खालच्या बाजूला आहे. जुना, गडद रंगाचा पोहण्याचा पोशाख घाला, फिक्या कपड्यावरचा डाग जात नाही. आणि चांदी! तिथल्या गंधकाच्या वायूने चांदी काळी पडते. जोडवी, पैंजण, चांदीची साखळी खोलीतल्या तिजोरीत ठेवून निघा. सासूबाईंना जोडवी काढायची नव्हती, तर गाइडने त्यांच्यासाठी वाफांपासून दूर, सावलीत बसायची जागा शोधली आणि आम्ही येईपर्यंत गाडी तिथेच ठेवली. बसच्या सहलीत हे कोण करणार? रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी गरम पाण्यात उतरण्याआधी, निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारावं.

गुडघेवाल्यांसाठी डायमंड बाग उत्तम आहे, चालणं थोडं आणि बरंचसं सपाट. धबधब्याचा कडा पाण्यातल्या खनिजांनी पिवळा-हिरवा-तांबूस झालाय. तिथली स्नानकुंडं मुळात 1784 मध्ये फ्रान्सच्या सोळाव्या लुईच्या सैनिकांसाठी बांधली होती. आमचे सासरे चिपळूणकडचे. जायफळाचं झाड आणि त्या फळातली लालभडक जायपत्री बघून ते थांबले ते थांबलेच. पुढे नीरफणस दिसला. तो पॅसिफिकमधून कॅरिबियनमध्ये 1793 मध्ये ब्रिटिश आरमारातल्या कॅप्टन ब्लायने आणला, गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून. हे गाइडने सांगितलं, सासऱ्यांनी त्याला नीरफणसाचे काप कसे करतात ते सांगितलं, मी मध्ये दुभाषी. अर्धा तास गेला. मारिगोचा लांबलचक थांबा आम्ही त्यापायी गाळला आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

जेवणाचं आधी ठरवा. 1859 मध्ये पाल्मायरा नावाच्या जहाजातून पहिले भारतीय मजूर सेंट लुशियात आले, आणि रोटी आज तिथे सगळ्यांचंच खाणं आहे. मऊ पोळीत रस्साभाजी गुंडाळून देतात. "चना आणि बटाटा, चिकन नको, मासे नको" असं गाइडला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, म्हणजे तो योग्य दुकान गाठतो. कॅनरीज गावाच्या आसपास रस्त्याकडेला कसावा या कंदाच्या पिठाची गरम भाकरी मिळते. नारळाची घ्या, काहींत खारवलेला मासा असतो. घरचे लाडू बोटीवर आणायला बहुतेक कंपन्या परवानगी देत नाहीत, सीलबंद भाकरवडी चालते. ती पर्समध्ये असू द्या.

परतताना वेळ उरला तर कॅस्ट्रीजमध्ये डेरेक वॉलकॉट चौक बघा. या छोट्या बेटाने दोन नोबेल विजेते दिले: 1979 मध्ये अर्थशास्त्रासाठी आर्थर लुइस आणि 1992 मध्ये साहित्यासाठी वॉलकॉट. गाइडला त्यांच्याबद्दल विचारून बघा, फार अभिमानाने बोलतात.

अडकलातच, तर काय? बोटीवर रोज जो कार्यक्रमाचा कागद किंवा अॅप मिळतं, त्यात बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. उतरण्याआधी त्याचा फोटो काढा आणि उशीर दिसू लागताच फोन करा, बोट सुटायची वाट बघू नका. रोजची औषधं दोन दिवसांची बरोबर ठेवा.

धक्क्यावर उतरताना ठरलेली रक्कम आणि वर दहा ते पंधरा टक्के बक्षिसी, सुट्ट्या अमेरिकन नोटांत. मोठी नोट मोडायला त्याच्याकडे सुटे असतीलच असं नाही, म्हणून पाच-दहाच्या नोटा घरूनच घेऊन निघा.