खनिज संसाधनांचा अंदाज : स्वतःची क्षमता तपासावी कशी आणि वाढवावी कशी

नाशिकच्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. इथे लोहखनिज नाही, मँगनीज नाही, त्यामुळे भूशास्त्र शिकून बाहेर पडलेली इथली मुले-मुली नोकरीसाठी गडचिरोली, ओडिशा किंवा त्याहून दूर जातात आणि दोन-तीन वर्षांत त्यांच्यापैकी काहींच्या हाती ब्लॉक मॉडेलचे (साठा लहान ठोकळ्यांत विभागून प्रत्येक ठोकळ्यात किती खनिज आहे याचा अंदाज करणारे) सॉफ्टवेअर येते. सॉफ्टवेअर कोणालाही साठ्याचा आकडा देते. त्या आकड्याखाली सही करण्याइतकी आपली तयारी झाली आहे का, हे मात्र ज्याचे त्याने तपासायचे असते. ही तपासणी कशी करावी आणि त्यात आढळलेल्या उणिवा, नाशिकमध्ये राहूनसुद्धा, कशा भरून काढाव्यात, हे येथे मांडत आहे.

प्रथम ‘सक्षम’ या शब्दाचा अर्थ नेमका ठरवावा लागतो. खनिज साठ्यांचे अहवाल कसे द्यावेत हे सांगणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या जॉर्क संहितेनुसार आणि तिच्याशी नाते सांगणाऱ्या इतर देशांच्या संहितांनुसार कॉम्पिटंट पर्सन (अशा अहवालाची जबाबदारी घेणारी सक्षम व्यक्ती) होण्यासाठी दोन गोष्टी लागतात : शिस्तभंगाची कारवाई करू शकणाऱ्या मान्यताप्राप्त व्यावसायिक संस्थेचे सदस्यत्व आणि किमान पाच वर्षांचा संबंधित अनुभव. यातला ‘संबंधित’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. खनिजीकरणाचा जो प्रकार समोर आहे त्याच प्रकारातला आणि जे काम हाती घेतले आहे त्याच कामाचा तो अनुभव असावा लागतो. शिरांमधल्या सोन्यात थोड्या अंतरावर ग्रेड (खडकातले धातूचे प्रमाण) प्रचंड बदलते, म्हणून तशाच चंचल शिरांमधल्या कथिलाचा अनुभव तिथे उपयोगी पडू शकतो. तांबे, जस्त, शिसे अशा बेस मेटलच्या सलग, भरीव साठ्यांवर घालवलेली वर्षे कदाचित उपयोगी पडणार नाहीत. भारताने ‘इंडियन मिनरल इंडस्ट्री कोड’ तयार केला आणि २०१९ मध्ये आपण क्रिर्स्को या, अशा संहितांचा मेळ घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीचे सदस्य झालो, तेव्हापासून ही कसोटी आपल्याकडेही लागू पडते. सरकारी बाजूस २०१५ चे खनिज-अस्तित्वाच्या पुराव्यासंबंधीचे नियम आहेत. त्यांत अन्वेषणाच्या जी-४ (प्राथमिक पाहणी) ते जी-१ (सविस्तर अन्वेषण) अशा पायऱ्या आणि ३३३, ३३२, ३३१ असे वर्गीकरणाचे अंक येतात. दोन्ही भाषा यायला हव्यात, कारण एकाच साठ्याचा अहवाल कधी भारतीय खाण ब्युरोकडे जातो, तर कधी गुंतवणूकदारांकडे.

आता प्रत्यक्ष तपासणी. एक वही घ्यावी आणि आजवर केलेल्या प्रत्येक कामाची नोंद तीत करावी. खनिज कोणते, साठ्याचा प्रकार कोणता, आपण स्वतः काय केले (लॉगिंग म्हणजे वेधनातून निघालेल्या खडकाची नोंद, नमुने घेणे, भूशास्त्रीय मॉडेल, ग्रेडचा अंदाज, वर्गीकरण, अहवाललेखन) आणि काय फक्त दुसऱ्याने केलेले पाहिले, हे वेगवेगळे लिहावे. बहुतेकांना पहिल्याच पानावर कळते की सात वर्षांच्या नोकरीत ग्रेडच्या अंदाजाचे स्वतंत्र काम फार तर दीड वर्षाचे आहे. हे वाचून वाईट वाटते, पण पुढची आखणी याच पानावरून होते. त्यानंतर प्रत्येक नोंदीपुढे एक प्रश्न लिहावा : हाच साठा जाणणाऱ्या समव्यावसायिकांसमोर उभे राहून मी या निर्णयाचे समर्थन करू शकेन का? उत्तर ‘हो’ असेल तिथे पुरावा नोंदवावा, ‘नाही’ असेल तिथे नेमके काय येत नाही ते लिहावे. ‘जिओस्टॅटिस्टिक्स (साठ्याच्या अंदाजाचे संख्याशास्त्र) कच्चे आहे’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘व्हेरिओग्राममध्ये नगेटचे मूल्य कशावरून ठरवले ते सांगता येत नाही’ ही उपयोगी आहे. (व्हेरिओग्राम म्हणजे अंतर वाढेल तशी नमुन्यांमधली तफावत कशी वाढते याचा आलेख, आणि नगेट म्हणजे अगदी जवळच्या नमुन्यांतही उरणारी तफावत.)

उणिवा भरून काढण्यासाठी मी सर्वांना एकच सराव सुचवतो आणि तो नाशिकच्या परिसरातच होतो. खाणपट्टाधारकाची लेखी परवानगी आणि सुरक्षेची साधने घेऊन दगडाची एक खाण निवडावी. समजा, उरलेला भाग २०० मीटर लांब, १५० मीटर रुंद आणि १२ मीटर खोल आहे. घनफळ ३,६०,००० घनमीटर, म्हणजे सुमारे १ लाख २७ हजार ब्रास. इथपर्यंत शाळकरी गणित आहे. मग खाणीच्या भिंतीसमोर उभे राहून थर नोंदवावेत. घट्ट बेसाल्ट कुठे संपतो, पोकळ्यांचा बेसाल्ट कुठे सुरू होतो, दोन प्रवाहांमधला लाल मातकट थर किती जाड आहे, तो सलग आहे की मध्येच निमुळता होतो? सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड झळकणारे झिओलाइट याच पोकळ्यांत तयार झालेले असतात. तिथे ते वैभव असते, खडीच्या दृष्टीने मात्र तो दुबळेपणा आहे. बारापैकी तीन मीटर असा खडक निघाला, तर उपयुक्त घनफळ २,७०,००० घनमीटरवर येते. एक चतुर्थांश साठा भूशास्त्राने कमी केला, सॉफ्टवेअरने नव्हे.

पुढची पायरी घनतेची. प्रत्येक प्रकारच्या खडकाचे निदान वीस-तीस तुकडे हवेत आणि पाण्यात वजन करून घनता काढावी. सच्छिद्र तुकड्यांना आधी मेणाचा थर द्यावा, नाहीतर पाणी आत शिरते आणि उत्तर फुगते. त्याच ३,६०,००० घनमीटरला सरसकट घनमीटरला २.८५ टन ही घनता लावली तर १०,२६,००० टन होतात, २.६० लावली तर ९,३६,०००. नव्वद हजार टनांचा हा फरक केवळ एका गृहीतकाचा आहे. उमेदीच्या काळात मी स्वतः बॉक्साइटच्या एका कामात ओलसर घनतेवरून टन काढले आणि ग्रेड मात्र कोरड्या नमुन्याची लावली. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने अहवाल बाहेर जाण्याआधी एकच प्रश्न विचारला, ‘टन ओले की कोरडे?’ आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून कोणत्याही तक्त्याच्या मथळ्यात आर्द्रतेचा आधार लिहिल्याशिवाय मी पुढे जात नाही, आणि माझ्याकडे शिकणाऱ्यांनाही जाऊ देत नाही.

खाणीचा अंदाज आधी हाताने, छेद काढून करावा, मग ब्लॉक मॉडेलने, आणि दोन उत्तरांतला फरक शब्दांत समजावून सांगावा. ग्रेड असलेल्या साठ्यांकडे वळल्यावरही क्रम हाच ठेवावा. ब्लँक (धातू नसलेले), स्टँडर्ड (ज्ञात ग्रेडचे) आणि डुप्लिकेट (दुबार) अशा प्रयोगशाळेची तपासणी करणाऱ्या नमुन्यांचे आलेख पाहिल्याशिवाय व्हेरिओग्रामला हात लावू नये. इंडोनेशियातील बुसांगच्या सोन्याचा फुगा १९९७ मध्ये फुटला तो क्रिगिंग (व्हेरिओग्रामवरून ग्रेडचा अंदाज काढण्याची पद्धत) चुकल्यामुळे नव्हे. नमुन्यांतच बाहेरून सोने मिसळलेले होते. वर्गीकरणातही वेधनछिद्रांमधले अंतर पाहून थेट ‘मेजर्ड’ (सर्वाधिक खात्रीचा वर्ग) लिहू नये. छिद्रे जवळ असूनही भूशास्त्रीय सलगता पटत नसेल, तर खालचा वर्ग द्यावा आणि कारण नोंदवावे.

अहवाललेखन हे वेगळे कौशल्य आहे आणि तेच सर्वांत दुर्लक्षित आहे. जॉर्कच्या पहिल्या तक्त्यातील (अहवालात तपासायच्या मुद्द्यांच्या यादीतील) प्रत्येक मुद्द्यावर ‘केले नसेल तर का नाही’ याचे उत्तर द्यावे लागते. सरावाच्या खाणीसाठी हा तक्ता पूर्ण भरावा, लागू नसलेल्या रकान्यांसह. शक्य झाल्यास तो आधी मराठीत लिहावा. स्वतःच्या भाषेत न सांगता आलेला निर्णय बहुधा समजलेलाच नसतो. खनिज काढणे पुढेमागे परवडेल अशी रास्त शक्यता नसेल, तर त्याला संसाधन म्हणता येत नाही. म्हणून बाजारभाव, वाहतूक, जमीन आणि परवानग्या यांवरही चार वाक्ये हवीत.

हा मसुदा तीन जणांना वाचायला द्यावा : एक भूशास्त्रज्ञ, एक खाण अभियंता आणि एक जण असा की ज्याचे आपल्याशी सहसा पटत नाही. त्यांचे आक्षेप वहीत तारखेसह उतरवावेत. सहा महिन्यांनी खाणीवर परत जावे, त्या काळात किती ब्रास दगड निघाला याचा हिशेब मागून घ्यावा, तो आपल्या अंदाजाशेजारी मांडावा आणि फरक घनफळात आहे, घनतेत आहे की टाकाऊ थराच्या जाडीत आहे, हे शोधून त्याच पानावर लिहावे.