बायपोलर असलेलं घरचं माणूस धमक्या देतं तेव्हा या चुका टाळा

बायपोलर आजार असलेली बहुतेक माणसं कधी कुणाच्या अंगावर जात नाहीत, हे आधी सांगायला हवं. या आजारात मन कधी उदासीत बुडतं, तर कधी बेफाम उसळतं. या उसळीला मेनिया म्हणतात. पण मेनिया चढला की काही घरांत धमक्या सुरू होतात. झोप दोन-तीन तासांवर येते, पैसा पाण्यासारखा जातो, बोलणं थांबत नाही आणि कुणी अडवलं की संताप उसळतो. त्यात दारू असेल तर धोका वाढतो. अशा वेळी घरचे जे करतात ते मायेपोटीच करतात, तरी त्यातल्या काही गोष्टींनी आगीत तेल पडतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वाद घालणं. रात्री दोन वाजता थोरला भाऊ म्हणतो, "उद्या दुकान विकतो, आडवा येईल त्याला सोडत नाही." आई रडते, वडील हिशेब मांडतात आणि धाकटी बहीण विचारते, "दादा, गोळी घेतलीस का?" प्रश्न रास्त आहे, पण वेळ चुकीची आहे. त्याला ऐकू येतं ते एवढंच की मी वेडा आहे. मग आवाज आणखी चढतो. त्याऐवजी एकानंच बोलावं, हळू आणि तुटक: "दादा, तुला राग आलाय, दिसतंय मला. दुकानाचं सकाळी बोलू. मी बाहेरच्या खोलीत बसते." त्याच्या अगदी समोर उभं राहू नये, खांद्याला हात लावू नये. दार त्याच्या पाठीशी नाही, तर आपल्या पाठीशी असावं. टीव्ही बंद करावा, पोरांना शेजारी पाठवावं. भांडण स्वयंपाकघरात तर होऊच देऊ नये, विळी-सुरी हाताशी असते.

"रागात बोलतोय, करणार काही नाही," ही दुसरी चूक. हातात कोयता किंवा काठी आली, वाट अडवली, गळ्याला हात घातला, किंवा कुणाचं नाव घेऊन कधी-कसं मारणार हे सांगितलं, की समजावणं तिथंच थांबवायचं. घराबाहेर पडायचं आणि 112 लावायचा. फोनवर "भांडण चाललंय" एवढंच सांगू नका. "भावाला बायपोलर आजार आहे, गोळ्या बंद आहेत, हातात कोयता आहे, घरात म्हातारी आई आहे," असं नीट सांगा. मानसिक आरोग्य कायदा 2017 च्या कलम 100 प्रमाणे, आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असलेल्या माणसाला संरक्षणात घेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, 24 तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावं लागतं. त्यामुळे "पोलीस बोलावले की गुन्हेगार ठरेल" या भीतीनं हात आखडू नका. कोल्हापुरात आपल्याला सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर रात्रंदिवस चालू असतो. सल्ल्यासाठी तो उत्तम, पण शस्त्र समोर असताना 112 च.

आपल्या पेठांतली एक सवय इथं घात करते. घरात आवाज चढला की तालमीची पोरं धावून येतात. मनानं चांगली असतात, पण दहा जणांनी घेरलं की मेनियातल्या माणसाला तो हल्लाच वाटतो. मग झटापट, मग दोरी. साखळदंडानं बांधून ठेवायला 2017 चा कायदा मनाई करतो. मदतीला यायचंच तर त्याचा ज्याच्यावर भरवसा आहे असा एक मित्र यावा, बाकीच्यांनी गल्लीच्या तोंडाशी थांबावं आणि मोबाईल खिशात ठेवावेत. शूटिंग तर मुळीच नको. नरसोबाच्या वाडीला जरूर न्या, पण गोळ्या थांबवून नको. अंगात आलंय म्हणून मारहाण करणाऱ्याकडे तर नकोच, 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

"मी जीव देतो, मग कळेल तुम्हाला," ही धमकी नाटक म्हणून सोडून देऊ नका. बायपोलरमध्ये उदासी आणि तगमग एकाच वेळी येऊ शकते, आणि तो काळ फार धोक्याचा असतो. सरळ विचारा, "मरायचे विचार येतायत का?" विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. शेतीचं औषध, गोळ्यांचा साठा बाहेर हलवा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

लाट ओसरली की घरात सगळे गप्प होतात. विषय काढला तर पुन्हा बिघडेल, असं वाटतं. खरं काम याच दिवसांत होतं. झोप किती कमी झाली की डॉक्टरांना फोन करायचा, पैशांचे व्यवहार कोण बघणार, कुठल्या दवाखान्यात न्यायचं, हे त्याच्याच तोंडून लिहून घ्या. पुढं आजार वाढला तर उपचार कसे व्हावेत याची आगाऊ सूचना लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क कायदा त्याला देतो. चहातून गुपचूप गोळी देऊ नका, एकदा कळलं की विश्वास संपतो. लिथियम हे बायपोलरवरचं औषध चालू असेल तर ते मनानं बंद करू नका, रक्ताच्या तपासण्या चुकवू नका. डॉक्टर त्याची माहिती तुम्हाला देणार नाहीत कदाचित, पण धमक्यांबद्दल तुम्ही त्यांना नक्की सांगू शकता.

आणि वहिनींसाठी एक. तो बरा असतानाही धमकावत असेल, मारत असेल, तर ते आजाराच्या खात्यात टाकू नका. महिलांसाठी 181 आहे, 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. नवऱ्याचा आजार सांभाळणारीलाही तो तितकाच लागू होतो.