घर 2024 ला विकलं, किंमत 2001 ची काढली

दिवाळीनंतर साखर पेठेतलं आजोबांचं घर विकलं. विक्रीच्या नफ्यावरचा कर काढायला सीए म्हणाले, ‘1 एप्रिल 2001 ला काय किंमत होती ते आणा.’ घर त्याआधीचं असेल तर मूळ खरेदीऐवजी त्या तारखेची बाजारकिंमत धरता येते, वारसाहक्कानं आलं असलं तरीही. आजोबांच्या खरेदीखतातल्या रकमेत आज दरवाजाही येत नाही.

एजंटाचा सल्ला: ‘टाका अंदाजानं!’ असलं काही चालत नाही. सरकारमान्य मूल्यांकनकार गाठला. त्यांनी मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा आणि महापालिकेचा जुना कर उतारा मागितला. नकाशा नव्हताच. पण उताऱ्यावर ‘दगड-माती, वर पत्रा, मागे माग शेड’ अशी नोंद सापडली. बांधकामाचा घसारा त्यावरूनच ठरला. जागेला दर 2001 च्या रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरतक्त्याचा. शेजारच्या जुन्या व्यवहारांवरून आकडा वर जात होता, पण 2020 च्या दुरुस्तीपासून त्या तारखेच्या मुद्रांक मूल्याच्या (ज्या सरकारी किमतीवर मुद्रांक शुल्क लागतं) वर जाता येत नाही. तिथंच थांबलो.

मग कर: 12.5 टक्के थेट, की इंडेक्सेशन (महागाईनुसार 2001 ची किंमत वाढवून) धरून 20 टक्के? 23 जुलै 2024 आधी घेतलेल्या घराला ही तुलना करता येते. त्यासाठीचा सरकारी महागाई निर्देशांक 2001 च्या 100 वरून 363 झालेला, त्यामुळे आम्हाला 20 टक्केच स्वस्त पडले.