चॅनलचा खरा मालक कोण, हे कसं शोधायचं

लोक संपादकाचं नाव बघतात आणि थांबतात. पण संपादक नोकरीवर असतो, त्याला नेमणारा आणि काढणारा कोण, ते शोधायचंय.

सुरुवात वेबसाइटच्या अगदी तळापासून करा, तिथं बहुतेक वेळा कंपनीचं पूर्ण नाव असतं, पेपर असेल तर बारीक अक्षरातली प्रिंटलाइन, म्हणजे मालक, मुद्रक, प्रकाशक यांच्या नावांची ओळ वाचा. मग ते नाव त्या त्या देशाच्या कंपनी रजिस्टरमध्ये टाका, ब्रिटनचं कंपनीज हाउस फुकटात बघता येतं. कंपनी शेअर बाजारात असेल तर शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कुणाकडे किती टक्के शेअर आहेत त्याची यादी काढा. भागधारक म्हणून दुसरी कंपनीच निघाली तर तिचेही भागधारक शोधा, मग तिच्या मागचे, असं माणूस सापडेपर्यंत जायचं, कंटाळा येतो पण खरी गोष्ट तिथंच असते.

आणि कर्ज कुणाचं आहे ते बघाच बघा. एनडीटीव्हीच्या संस्थापकांच्या आरआरपीआर होल्डिंगने (चॅनलचे शेअर बाळगणारी कंपनी) २००९ मध्ये कर्ज घेतलं, कर्ज देणाऱ्या कंपनीला बदल्यात वॉरंट, म्हणजे पुढे आरआरपीआरचे शेअर घ्यायचा हक्क मिळाला, पुढे २०२२ मध्ये ती कंपनीच अदानी समूहाने घेतली, वॉरंटचे शेअर करून घेतले आणि चॅनलचा २९.१८ टक्के हिस्सा ज्या होल्डिंगकडे होता ती होल्डिंगच त्यांच्या हातात आली. म्हणजे २००९ चा कर्जाचा कागद ज्याने वाचला असता त्याला हे आधीच दिसलं असतं.

मालक सापडला की त्याचे बाकीचे धंदे लिहून काढा. खाण, वीज, टेलिकॉम, बांधकाम, ज्याला सरकारी परवाना किंवा कंत्राट लागतं ते वेगळं मार्क करा, कारण दबाव टाकायला सरकारला चॅनलला हात लावायची गरजच नसते.

सरकारी जाहिरातींचा पैसा कुणाला जातो तेही माहिती अधिकाराखाली मागता येतं. हंगेरीत सरकारी जाहिराती सरकारच्या बाजूच्या माध्यमांकडे वळल्या, आणि २०१८ मध्ये ४०० हून जास्त माध्यमं त्यांच्या मालकांनी केस्मा नावाच्या एका फाउंडेशनला चक्क दान केली! सरकारने त्याला राष्ट्रीय महत्त्वाचा व्यवहार ठरवलं, त्यामुळे स्पर्धा आयोगाची तपासणीसुद्धा झाली नाही. मला हे अजून पचत नाही.

माध्यमांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेचं थोडक्यात सांगतो, सदस्य कोण नेमतं, मुदत किती, मधेच काढता येतं का, एवढं बघा.

शेवटी प्रत्यक्ष तपासा. मालकाच्या धंद्यातली एखादी वादाची बातमी निवडा आणि महिनाभर तीन वेगवेगळ्या मालकांच्या चॅनलवर ती कशी येते, येते तरी का, ते बघा. वाक्यंही जुळवून बघा, २०१८ मध्ये अमेरिकेत सिंक्लेअर कंपनीच्या डझनावारी स्टेशनांवर अँकर एकच मजकूर शब्दशः वाचत होते, ते क्लिप शेजारी शेजारी लावल्यावरच लोकांच्या लक्षात आलं. जे सापडेल त्यावर तारीख टाकून ठेवा, मालकी बदलत राहते.