राष्ट्रीय संग्रहालय-ग्रंथालयाचा कायदा कसा वाचावा : निर्णय नेमका कोणाच्या हातात?

एखाद्या राष्ट्रीय संग्रहालयातलं हस्तलिखित पुण्यातल्या प्रदर्शनासाठी मागवायचं असतं. कोणाला घराण्यातला जुना संग्रह तिथे द्यायचा असतो. कोणाला तिथल्या वाचनकक्षात बसू देत नाहीत म्हणून दाद मागायची असते. तिन्ही वेळी प्रश्न एकच : निर्णय कोणाचा? संचालकाचा, संस्था चालवणाऱ्या मंडळाचा की दिल्लीतल्या मंत्रालयाचा? लोक अंदाजाने संचालकाला पत्र लिहितात, सहा महिने वाट बघतात आणि मग कळतं की संचालकाला तो अधिकारच नव्हता. उत्तर संस्थेच्या कायद्यात लिहिलेलं असतं. हे कायदे फार मोठे नसतात, एका दुपारी वाचून होतात. फक्त कसे वाचायचे ते माहीत हवं.

१. त्या संस्थेला स्वतःचा कायदा आहे का?

नावात ‘राष्ट्रीय’ आहे म्हणून संसदेचा कायदा असेलच असं नाही. दिल्लीतलं जनपथावरचं राष्ट्रीय संग्रहालय संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीतलं कार्यालय आहे, त्याचा वेगळा अधिनियम, म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा, नाही. आपल्या पुण्यातल्या लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाचं एक घटक कार्यालय म्हणून सुरू झालं आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. महामंडळ ही सरकारी कंपनी, म्हणजे तिथे कंपनी कायदा बघायचा.

स्वतंत्र अधिनियम असलेल्या संस्था मोजक्या आहेत : कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल (१९०३) आणि इंडियन म्यूझियम (१९१०), हैदराबादचं सालारजंग संग्रहालय (१९६१), पाटण्याचं खुदाबख्श ग्रंथालय (१९६९), रामपूरचं रझा ग्रंथालय (१९७५), कोलकात्याची एशियाटिक सोसायटी (१९८४). यांचा घटनात्मक आधार राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या केंद्रसूचीची, म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीची, ६२ वी नोंद. तिच्यात राष्ट्रीय ग्रंथालय, इंडियन म्यूझियम, व्हिक्टोरिया मेमोरियल ही नावं आहेत आणि पुढे ‘संसदेने कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित केलेली’ अशा इतर संस्था आहेत. राज्याच्या पैशावर किंवा नियंत्रणाखाली चालणारी ग्रंथालयं आणि संग्रहालयं राज्यसूचीच्या १२ व्या नोंदीत येतात.

पुण्यातल्या बहुतेक संस्था या दोन्हींच्या बाहेर आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) किंवा भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर (१९१७) यांच्यासारख्या संस्थांसाठी १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम वाचायचा, आणि विश्वस्त कोण हे बघायला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट एकची, म्हणजे संस्थेच्या नोंदणीच्या उताऱ्याची, प्रमाणित प्रत काढायची. खाली जे लिहिलं आहे ते संसदेच्या अधिनियमाने चालणाऱ्या संस्थांबद्दल.

२. मजकूर मिळवा

केंद्र सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर दुरुस्त्यांसह मजकूर फुकट मिळतो. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात छापील बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, मिळाला तर त्याच्या छपाईचं साल आधी बघा. टीका-टिप्पण्यांची गाइडं घेऊ नका, त्यात कलमाचा सारांश असतो आणि सारांशात नेमकी अटच गाळलेली असते. तळटिपा मात्र सोडू नका. कोणतं कलम कधी बदललं, कोणते शब्द घातले, कोणते वगळले हे तिथेच असतं.

३. अंमल कधीपासून?

पहिलं कलम बघा. ‘केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिनांकास’ असं असेल तर राष्ट्रपतींच्या संमतीची तारीख उपयोगाची नाही, अधिसूचनेची तारीख लागते.

४. व्याख्या

व्याख्यांचं कलम उघडं ठेवूनच पुढचं वाचा. सालारजंग अधिनियमाच्या व्याख्येत ‘संग्रहालय’ या शब्दात सालारजंग ग्रंथालयही धरलेलं आहे. म्हणजे पुढे कुठेही संग्रहालयाच्या वस्तूंबद्दल काही म्हटलं असेल तर ते ग्रंथालयातल्या पोथ्यांनाही लागू. हे न बघता ‘कायद्यात ग्रंथालयाबद्दल काहीच नाही’ असं लिहिणारे अर्ज पहिल्या टप्प्यातच परत येतात.

५. मंडळावर कोण?

मंडळाची रचना वाचायला सोपी आहे. एकच सावधगिरी : पदांची नावं जुनी असू शकतात. सालारजंग अधिनियमाच्या मूळ मजकुरात पदसिद्ध, म्हणजे पदामुळे आपोआप होणारे, अध्यक्ष आंध्र प्रदेशाचे राज्यपाल होते. २ जून २०१४ रोजी हैदराबाद तेलंगणात गेलं आणि आता तेलंगणाचे राज्यपाल अध्यक्ष आहेत. राज्यांची पुनर्रचना झाली असेल तर पुनर्रचनेचा कायदा सोबत ठेवा. आणि अध्यक्ष राज्यपाल आहेत म्हणून थेट राज्यपालांना पत्र लिहू नका. मंडळाचे निर्णय कोणाच्या सहीने अधिकृत होतात यासाठी वेगळं कलम असतं, ते शोधा.

६. अधिकार : इथेच सगळे अडकतात

‘कलम एकपासून ओळीने वाचत जा, आपोआप समजेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. या कायद्यांच्या बाबतीत तो चुकीचा आहे. कारण अधिकार एका कलमात दिलेला असतो आणि त्याला घातलेला लगाम दुसऱ्या तीन ठिकाणी असतो. ओळीने वाचणारा अधिकाराच्या कलमापाशी थांबतो आणि ‘मंडळाला अधिकार आहे’ असं लिहून मोकळा होतो.

त्याऐवजी उलटं करा. आधी तुमची कृती एका ओळीत लिहा : ‘एक हस्तलिखित सहा महिन्यांसाठी बाहेर देणं’. मग कागदावर चार रकाने आखा : कृती, कोण करणार, कोणत्या अटीवर, ती अट कुठे लिहिली आहे. चौथा रकाना भरल्याशिवाय तिसऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

अटी चार जागी सापडतात. पहिली जागा वाक्याच्या सुरुवातीला : ‘या अधिनियमाच्या आणि त्याखालील नियमांच्या अधीन राहून’. दुसरी वाक्याच्या पोटात : ‘केंद्र सरकारच्या पूर्वमान्यतेने’. इथे ‘पूर्व’ फार महत्त्वाचा. आधी वस्तू पाठवून मागाहून मान्यता घेऊ, हा मार्ग अशा शब्दांपुढे चालत नाही. तिसरी जागा परंतुक, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणारा परिच्छेद. तो वरच्या वाक्यातून काहीतरी काढून घेतो, म्हणून वरचं वाक्य परंतुकाशिवाय कधीही उद्धृत करू नका. चौथी जागा अधिनियमाच्या शेवटच्या भागात, जिथे केंद्र सरकारने मंडळाला निदेश, म्हणजे बंधनकारक सूचना, देण्याची तरतूद असते. ती असेल तर वरच्या सगळ्या अधिकारांवर तिची छाया असते, आणि तीच सगळ्यात कमी वाचली जाते.

उदाहरण घ्या. १९१० च्या इंडियन म्यूझियम अधिनियमात विश्वस्तांना संग्रहातली वस्तू उसनी देण्याचा, दुबार वस्तूंची अदलाबदल किंवा विक्री करण्याचा अधिकार आहे. एवढं वाचून वाटतं, विश्वस्तांनी ठराव केला की झालं. पण त्या कलमाची सुरुवातच ‘याबाबत केलेल्या उपविधींच्या अधीन राहून’ अशी आहे. उपविधी म्हणजे संस्थेने स्वतः केलेले नियम (बाय-लॉज). आता उपविधी करण्याचं कलम शोधा. विश्वस्त उपविधी करतात, पण केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीने. म्हणजे रोजचा निर्णय कोलकात्यात होतो आणि त्याची चौकट दिल्लीच्या मंजुरीने ठरते. तुमच्या अर्जाला कोलकाता पुरेसं आहे की नाही, हे उपविधी बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या अधिनियमांत उपविधींच्या जागी सहसा दोन थर दिसतात : नियम आणि विनियम. नियम केंद्र सरकार करतं आणि ते संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवले जातात, ठरावीक मुदत तीस दिवसांची असते. विनियम मंडळ करतं, बहुधा केंद्राच्या मान्यतेने, आणि ते अधिनियमाशी किंवा नियमांशी विसंगत असून चालत नाहीत. अर्जदार या दोहोंत गल्लत करतात आणि विनियमात बदल मागायला मंत्रालयाकडे किंवा नियमात बदल मागायला मंडळाकडे जातात. दोन्हीकडून उत्तर एकच येतं : आमच्या कक्षेत नाही.

हे ओळखण्याची एक खात्रीची खूण आहे. नियम आणि विनियम करण्याच्या कलमांत ‘विशेषतः आणि पूर्वगामी अधिकाराच्या सर्वसाधारणतेस बाध न येता’ असं म्हणून विषयांची यादी दिलेली असते, खंड (क), (ख), (ग) अशी. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. तुमचा विषय नियमांच्या यादीत असेल तर किल्ली दिल्लीत, विनियमांच्या यादीत असेल तर मंडळाकडे. प्रत्यक्ष नियम हाती नसले तरी दार कोणतं ठोठवायचं ते या दोन याद्यांवरून कळतं. कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती, वाचकांचा प्रवेश, बैठकीची गणपूर्ती, वस्तू उसन्या देण्याच्या अटी, सगळं या याद्यांत वाटलेलं असतं.

पुढचं, अधिकार आणि कर्तव्य यांतला फरक. ‘मंडळ अमुक करील’ हे बंधन. ‘मंडळास अमुक करता येईल’ ही मुभा. तक्रार बंधनावर उभी करा. वस्तूंची नोंदवही ठेवणं, हिशेब ठेवणं, वार्षिक अहवाल देणं ही कामं बहुतेक ठिकाणी बंधनाच्या भाषेत असतात. मुभेच्या कलमावर ‘तुम्ही हे केलंच पाहिजे’ असं पत्र लिहिलं तर ते फाइलीत जातं आणि तिथेच राहतं.

आणि कायदा गप्प असेल तर? अधिनियमाने जन्माला आलेलं मंडळ त्या अधिनियमाने दिलेलंच करू शकतं, किंवा त्याला आनुषंगिक असेल ते. वस्तू कायमची विकण्याबद्दल अवाक्षर नसेल तर ‘मनाई नाही, म्हणजे चालतं’ असा अर्थ लावू नका. मात्र काही बाबतींत अधिनियम गप्प असतो कारण उत्तर दुसरीकडे आहे, १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये, म्हणजे सगळ्या केंद्रीय कायद्यांना लागू असलेल्या सर्वसाधारण तरतुदींच्या कायद्यात. त्याच्या कलम १६ प्रमाणे नेमण्याच्या अधिकारात निलंबित किंवा बडतर्फ करण्याचा अधिकार येतो, आणि कलम २१ प्रमाणे नियम किंवा आदेश करण्याच्या अधिकारात ते बदलण्याचा आणि रद्द करण्याचा अधिकार येतो, अधिनियमातून वेगळा हेतू दिसत नसेल तर. ‘संचालकाला काढायचं कलमच नाही’ अशी हाकाटी करण्याआधी ही दोन कलमं वाचा.

७. वस्तू देणार असाल तर

मालमत्ता कोणात निहित होते, म्हणजे कायद्याने मालकी कोणाकडे जाते, ते कलम बघा : मंडळात की केंद्र सरकारात. बक्षीसपत्रात देणगी घेणाऱ्याचं नाव त्याप्रमाणे लिहा. ‘संग्रहालयास’ एवढं मोघम नको. अटी घालायच्या असतील, जसं की संग्रह विभागू नये, तर त्या मंडळाच्या अधिकारात बसतात का ते सहाव्या पायरीच्या पद्धतीने आधी तपासा. नंतर घातलेली अट ही विनंती असते.

वस्तू परदेशी प्रदर्शनाला जाणार असेल तर १९७२ चा पुरावशेष व कलानिधी अधिनियमही लागतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि ऐतिहासिक, साहित्यिक मोल असलेली ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं पुरावशेष ठरतात, आणि त्यांची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली यंत्रणाच करू शकते. पुण्यातल्या प्रदर्शनाला ही अडचण नाही.

८. नियम-विनियम मागवा

अधिनियम सहज मिळतो, विनियम पुष्कळदा संस्थेच्या संकेतस्थळावर नसतात. माहितीच्या अधिकारात मागा. संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली संस्था २००५ च्या अधिनियमाखाली सार्वजनिक प्राधिकरण असते, तिथे वाद नाही.

पुण्यातून केलेले अर्ज इथे एका ठरलेल्या कारणाने परत येतात : लोक महाराष्ट्राच्या माहिती अधिकार अर्जाचा नमुना, ‘जोडपत्र अ’, भरतात आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावतात. केंद्रीय संस्थेला तो चालत नाही. फी तितकीच, दहा रुपये, पण भारतीय पोस्टल ऑर्डर, डिमांड ड्राफ्ट, बँकर्स चेक, रोख किंवा ऑनलाइन. महाराष्ट्रातली दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा केंद्राला लागू नाही. तिथे साधारण पाचशे शब्दांत अर्ज बसवायचा.

‘मला नियमांची माहिती द्यावी’ असं लिहू नका. असं लिहा : ‘अमुक अधिनियमाच्या कलम अमुकखाली मंडळाने केलेले आणि आज अंमलात असलेले सर्व विनियम, त्यांतील दुरुस्त्या, आणि ते प्रसिद्ध झालेल्या राजपत्राचा दिनांक, यांच्या प्रती.’ कलमाचा आकडा लिहिला की ‘माहिती संदिग्ध आहे’ हे कारण उरत नाही. प्रतीला पानामागे दोन रुपये. उत्तर तीस दिवसांत आलं पाहिजे. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर त्यानंतर तीस दिवसांच्या आत त्याच संस्थेतल्या पहिल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा, त्याला फी नाही. दुसरं अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे, नव्वद दिवसांत. केंद्रीय संस्थेविरुद्धचं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे नेऊ नका, ते तिथे दाखल होत नाही.