चित्रकथेतल्या प्रेमाचा लघुपट करताना पांढऱ्या पट्टीचं काय करायचं?

चित्रकथेवरून लघुपट करायचा म्हटलं की पहिला सल्ला हमखास हाच मिळतो: "सोपं आहे. चौकटी तयारच आहेत, तशाच शूट करायच्या." हा सल्ला देणाऱ्यानं आजवर एकही लघुपट केलेला नसतो. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात लग्नाचं शूटिंग करून पोट भरतो. पौषात लग्नं नसतात, तेव्हा कॅमेरा आणि मी दोघंही मोकळे असतो, त्या दिवसांत लघुपट करतो. त्यातले दोन चित्रकथेवरचे, दोन्ही प्रेमाचे. मारामारीची चित्रकथा चौकटीबरहुकूम शूट केली तर एखाद वेळेस निभते. प्रेमाची निभत नाही. का ते पुढं येईलच.

आधी कागद

छापील चित्रकथा घेणार असाल तर लेखी परवानगी घ्या. आपल्याकडं 1957 च्या कायद्यानं लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, आणि रूपांतर करण्याचा हक्कही त्यातच येतो. करारात मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, म्हणून दोन्ही लिहूनच घ्या. पुराणातली गोष्ट सगळ्यांची असते, पण तिच्यावर कुणी काढलेली चित्रं आणि लिहिलेले संवाद त्या माणसाचे असतात. सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे गावातल्याच कुणाकडून चित्रकथा काढून घ्यायची. माझी पहिली कथा भाचीनं दोनशे पानी वहीत काढलेली होती. तिच्याशीही मी कागद केला. ती हसली, पण सही केली.

पेन्सिल घेऊन वाचणं

एकदा कथा म्हणून वाचा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. जे दिसतं त्यावर एक खूण, जे लिहून सांगितलंय त्यावर दुसरी. झालं.

पांढरी पट्टी

दोन चौकटींच्या मध्ये जी पांढरी जागा असते तिला इंग्रजीत गटर म्हणतात. आमच्याकडं गटर म्हटलं की लोक नाक दाबतात, म्हणून मी पट्टी म्हणतो. माझी दोन वर्षं या पट्टीनं खाल्ली.

भाचीच्या कथेत रस्त्याकडेला पंक्चरचं टपरं आहे. तिथं बसणारा पोरगा आणि सेतू केंद्रात टायपिंग करणारी, सायकलनं येणारी मुलगी. चौथ्या पानावर दोनच चौकटी. पहिलीत तो तिच्या सायकलीत हवा भरतोय आणि मागं वावरात पऱ्हाटी गुडघ्याएवढी, हिरवी. दुसरीत ती टपऱ्यासमोरच्या बाकड्यावर बसलीय, हातात चहाचा ग्लास, तो खाली मान घालून ट्यूब घासतोय आणि मागं कापूस फुटून सगळं वावर पांढरं. दोन्ही चौकटींत एक शब्द नाही. मध्ये बोटभर पट्टी. म्हणजे पोळ्याच्या आधीपासून दिवाळीच्या नंतरपर्यंतचे दिवस त्या बोटभर जागेत, आणि प्रेमही तिथंच कुठंतरी जमलेलं.

वाचताना हे खटकत नाही, कारण ते दिवस वाचणारा स्वतः भरतो. कुणाच्या मनात तो तिला चिठ्ठी देतो, कुणाच्या मनात ती एक दिवस पावसात अडकते. पडद्यावर मात्र पट्टी नसते. एक दृश्य संपलं की लगेच दुसरं चिकटतं आणि पाहणाऱ्याला वाटतं, मघाशी हवा भरत होता, आता चहा पाजून राह्यला, मधातलं कुठं गेलं?

मी पहिल्यांदा काय केलं? गाणं टाकलं. कापसातून दोघं संथ गतीत चालतायत, वरून ड्रोन. त्या ड्रोनच्या भाड्यात दोन लग्नांची कमाई गेली. मारुतीच्या पारावर पडदा लावून दाखवलं, तर गाणं संपल्याबरोबर पुढं बसलेली आजी मोठ्यानं म्हणाली, "लगन कवा झालं यायचं?" पूर्ण पार हसला. आजीचं बरोबर होतं. गाणं म्हणजे ठरलं, असंच आपण लहानपणापासून पाहत आलोय. कथेत अजून कुणी काही बोललेलंही नव्हतं आणि मी त्यांचं लगन लावून मोकळा.

दुसऱ्यांदा काळ्या पडद्यावर "चार महिन्यांनंतर" लिहिलं आणि वरून पोराच्या आवाजात त्याच्या मनातलं सांगितलं. माझ्या सोबत लाईट धरणारं पोट्टं म्हणालं, "भाऊ, हे तर बातम्या लागल्यासारखं वाटून राह्यलं." तेही खरं.

तिसऱ्यांदा जमलं, आणि आता मी ठामपणे सांगतो: पट्टी भरायची असेल तर कथेतलंच एखादं काम घ्या, तीनदा दाखवा आणि तिसऱ्यांदा त्यात थोडा फरक करा. आमच्याकडं हवेचा पंप होता. पहिल्यांदा तो हवा भरतो, ती पैसे देते, जाते. दुसऱ्यांदा तेच, फक्त मागची पऱ्हाटी वाढलेली. तिसऱ्यांदा चाक आधीच टम्म आहे तरी तो पंप मारत राहतो. ती अंगठ्यानं टायर दाबून पाहते. दगडासारखा लागतो. तिला कळतं. काही न बोलता नाणं ठेवते आणि जाते. पावणेदोन मिनिटं, एक संवाद नाही. त्यानंतर बाकड्यावरचा चहा आला तर कुणी विचारत नाही की मधातलं कुठं गेलं.

भाची पाहून म्हणाली, "मामा, त्यानं हवा जास्त भरली हे मी काढलंच नव्हतं."

"पण होतं ना तिथं?"

थोडं थांबून म्हणाली, "होतं."

यात माझ्या हातून झालेल्या दोन चुका तुम्ही करू नका. ती टायर दाबते त्यानंतर मी पोराचा हसरा चेहरा जवळून घेतला होता. काढून टाकला. तो हसला की पाहणाऱ्याला करायला काही उरत नाही, आणि पट्टीचा सगळा जीव त्या उरण्यातच असतो. दुसरी चूक म्हणजे मग मी प्रत्येकच पट्टी भरायला घेतली. कथेत चाळीस-पन्नास पट्ट्या असतात, त्यातल्या प्रेमाच्या दोन-तीनच. बाकीच्यांवर साधी कात्री मारा. ओळखायचं असं: कागदानं पहिली चौकट झाका आणि फक्त दुसरी पाहा. "बरं" असं मनात आलं तर ती जाण्या-येण्याची पट्टी. "हे कधी झालं?" असं आलं तर तीच प्रेमाची.

कोणी म्हणेल, मोठ्या सिनेमावाल्यांना हे सोपं जात असेल. नाही जात. इंद्रजाल कॉमिक्समधून आमच्या घरी पोचलेला फँटम घ्या. त्याची प्रेयसी डायना त्याच्या कथेत 1936 पासून आहे आणि त्यांचं लग्न झालं 1977 मध्ये. 41 वर्षं वाट पाहणं हीच त्या प्रेमाची चव. 1996 च्या सिनेमाला मिळाले पावणेदोन तासही नाहीत, तेही कवट्या आणि खलनायक सांभाळून. मग प्रेमाचं काय व्हायचं? भेट, धावपळ, चुंबन.

स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन 1973 च्या अंकात पुलावरून पडते, तो जाळं टाकून तिला धरतो आणि तिच्या मानेजवळ "स्नॅप" एवढं एक छोटं अक्षर काढलेलं आहे. ती पडल्यानं मेली की त्याच्या जाळ्याच्या झटक्यानं, यावर वाचक वर्षानुवर्षं भांडत राहिले. 2014 च्या सिनेमात ते अक्षर नाही. ती घड्याळाच्या मनोऱ्यात संथ गतीनं पडत राहते, जाळ्याचं टोक हातासारखं उघडतं. रडू येतं, पण कागदावर जो संशय त्याच्या जिवाला लागतो तो वेगळा. ध्वनी अक्षरात असतो तेव्हा वाचणारा तो स्वतः काढतो. तुमच्या कथेत असं अक्षर असेल तर आवाज कुठून आणायचा हे शूटिंगच्या आधी ठरवा, एडिटिंगला बसल्यावर नाही.

लिहून सांगितलेलं

आता दुसरी खूण, जे लिहून सांगितलंय ते. मनातल्या विचारांचे फुगे सगळे काढा. सगळे. एकही ठेवू नका. 2010 मध्ये एक फ्रेंच चित्रकथा आली, दोन मुलींच्या प्रेमाची. ती उलगडते मेलेल्या प्रेयसीच्या रोजनिशीतून. 2013 मध्ये तिच्यावर सिनेमा झाला, कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यात रोजनिशीही नाही आणि तिचं मरणही नाही. जवळजवळ तीन तास कॅमेरा तिच्या चेहऱ्याला चिकटून राहतो. रोजनिशीचं काम चेहऱ्याला दिलं.

आमच्या भागाचं उदाहरण मला जास्त आवडतं. दमयंती विदर्भाची, आणि वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर हेच जुनं कुंडिनपूर असं आमच्याकडं मानतात. स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन बसतात, पाच नळ एका रांगेत. महाभारतात तिला खूण सापडते ती अशी: देवांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, माळ सुकत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. नळाला घाम आहे, धूळ आहे, सावली आहे.

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी ही कथा काढली तेव्हा पाच सारखे चेहरे एका चौकटीत सहज बसले. पण पापणी लवते हे चित्रात कसं दाखवणार? त्यांना वर ओळ लिहावी लागली. लघुपटात उलटं झालं. पाच सारखे चेहरे जमवताना माझा घाम निघाला (एकाच पोराला पाच जागी बसवून कॅमेरा अजिबात न हलवता शूट करायचं आणि तुकडे जोडायचे, दुसरा मार्ग नाही), आणि पापणी मात्र फुकट मिळाली. दमयंती रांगेसमोर उभी आहे, कुणी हलत नाही, आणि एकाची पापणी लवते. ओळ लागली नाही. वैशाखात दोन लग्नांच्या मधल्या दिवशी, भर दुपारी शूट केलं. घामासाठी ग्लिसरीन लागलं नाही, उलट देवांच्या चार जागी बसवताना त्याच पोराचा घाम दर मिनिटाला पुसायला माणूस ठेवावा लागला.

तेव्हा फुग्यातलं आणि ओळीतलं प्रत्येक वाक्य घ्या आणि स्वतःला विचारा, यातलं काय हलतं, काय वाजतं, काय वाळतं, काय ओलं होतं? काहीच सापडलं नाही तर ते वाक्य गेलं तरी चालतं.

चेहरे

चित्रातल्या मुलीला दोन ठिपके आणि एक रेघ असते, म्हणून ती प्रत्येकाला आपली वाटते. खरा माणूस उभा केला की ती एकाच घरची पोट्टी होते. सुंदर चेहरा शोधत बसू नका. ऐकताना ज्याचा चेहरा बदलतो असा शोधा. बोलतं कोण हे दुय्यम.

बोली

चित्रकथेतले संवाद बहुधा पुस्तकी असतात, कागदावर ते खपतं. पारावर खपत नाही. "तू का आलीस?" असं आमचा पोरगा म्हणाला तर लोक म्हणतील हा पुण्याचा पाहुणा कोण. "काहून आली व?" म्हणू द्या. पण वऱ्हाडी बोलली म्हणजे विनोद झालाच पाहिजे, हा रोग सोडा. आमच्याकडं प्रेमही याच बोलीत होतं आणि माणसं मरतातही याच बोलीत.

शूटिंग

मोबाईल चालतो. फ्रेम 25, शटर 1/50, नाहीतर आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाईट पडद्यावर फडफडते. वावरात वारा आवाज खातो, माइकला टॉवेलचा तुकडा गुंडाळा. सकाळी दहाच्या आत नाहीतर चारनंतर.

शेवट

इथं लोक घाबरतात आणि गोड करतात. बदलायचा हक्क आहेच, मोठेही बदलतात. स्कॉट पिलग्रिमचा सिनेमा चित्रकथेचा शेवटचा भाग यायच्या आधीच तयार होत होता. त्यांनी नायकाला एका मुलीकडं पाठवणारा शेवट शूट केला, चाचणीच्या प्रेक्षकांना रुचला नाही, मग दुसरीकडं पाठवला. पण बदल कथेच्या कामाचा की तुमच्या भीतीचा, हे स्वतःशी कबूल करा.

भाचीच्या कथेत शेवटी टपरं बंद आहे आणि धुळीत सायकलच्या चाकाची एक रेघ पानाबाहेर गेलेली आहे. पोरगी गेली, एवढंच. पारावरची आजी आठवून मी दोघांची भेट घडवली, हातात हात दिला. भाची दीड महिना माझ्याशी बोलली नाही. करारात लिहिलं होतं, शेवट विचारून बदलायचा, आणि मी विचारलं नव्हतं. पुन्हा शूट केलं. टपरं मोडून झालं होतं, उसने पत्रे आणून परत उभं केलं. तोवर पऱ्हाटीही उपटून झाली होती, म्हणून शेवटच्या दृश्यात टपऱ्यामागं नुसतं रिकामं काळं वावर दिसतं. लोक मला विचारतात, हे कसं सुचलं.