संसदेकडे विनंती अर्ज पाठवताय? या चुका टाळा

‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.’

तलाठ्यापासून कलेक्टर कचेरीपर्यंत आपल्याकडचे बहुतेक अर्ज याच वाक्यावर संपतात. सोलापूरच्या पूर्व भागात एका कामगार संघटनेच्या कार्यालयात मी बावीस वर्षं अर्ज लिहितोय. विडी कामगार बायका, यंत्रमागावरचे कामगार, बंद पडलेल्या गिरण्यांचे पेन्शनर असे सगळे येतात. त्यातले काही अर्ज थेट दिल्लीला, संसदेच्या याचिका समितीकडे जातात. हा मार्ग मोठा आहे आणि गरिबाला परवडणारा आहे. त्याला फी नाही, वकील लागत नाही. म्हणूनच तो साध्या साध्या चुकांनी वाया जाताना बघवत नाही.

आधी थोडक्यात. लोकसभेच्या याचिका समितीत अध्यक्षांनी नेमलेले १५ सदस्य असतात, मंत्र्याला तिथे घेत नाहीत. राज्यसभेच्या समितीत १० सदस्य असतात, त्यांना सभापती नेमतात. ‘याचिका’ शब्द ऐकला की लोक कोर्ट समजून वकिलाकडे धावतात. तसं काही नाही. संसदेपुढचं विधेयक, सभागृहापुढे असलेलं कामकाज किंवा सार्वजनिक हिताचा केंद्राच्या अखत्यारीतला प्रश्न, यांवर कोणीही नागरिक अर्ज करू शकतो. खासदारामार्फत करा, नाहीतर थेट त्या सभागृहाच्या महासचिवांकडे पाठवा. महासचिव तो सभागृहाला कळवतात.

मागणीच नसलेला अर्ज

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मीही केलेली आहे.

शहराबाहेर महामार्गाखाली एक भुयारी मार्ग आहे. पलीकडच्या वस्तीतून एमआयडीसीत जाणाऱ्यांचा रोजचा रस्ता तोच. पावसाळ्यात तिथे गुडघ्याच्या वर पाणी. एका बाईला मी स्वतः पाहिलं. एका हाताने साडी वर धरलेली, डोक्यावर विड्यांची टोपली, टोपलीवर प्लास्टिकचा कागद. मधोमध तिचा पाय घसरला. टोपली पडली नाही, पण एका बाजूने पाण्यात बुडाली. भिजलेल्या विड्या कारखान्यात कोण घेणार? आदल्या दिवशीची सगळी मेहनत गेली. ती काठावर बसून एकेक कट्टा पिळल्यासारखा हातात दाबून बघत होती, एखादा तरी कोरडा निघतो का म्हणून.

त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहायला बसलो. चार पानं लिहिली. पाणी किती साचतं, शाळेची पोरं कशी जातात, रात्री दिवा नाही, सगळं आलं. आणि शेवटी? ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’

समितीच्या सचिवालयाने अर्ज निवेदन म्हणून, म्हणजे औपचारिक याचिका न धरता साधं मागणीपत्र म्हणून घेतला आणि संबंधित खात्याचं म्हणणं मागवलं. चौदा महिन्यांनी आम्हाला कळलं की खात्याने उत्तर दिलंय: भुयारी मार्गाची साफसफाई करून योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे. प्रकरण बंद. त्या उत्तरात खोटं काही नव्हतं. आम्ही योग्य ती कार्यवाही मागितली, त्यांनी त्यांना योग्य वाटली ती केली. मी ते पत्र हातात धरून बराच वेळ बसलो होतो.

लोकसभेच्या नियमांतच आहे की अर्ज सभागृहाला उद्देशून असावा आणि त्याच्या शेवटी अर्जदाराला नेमकं काय हवंय ते सांगणारी प्रार्थना असावी. अर्जाचा जीव त्या प्रार्थनेत असतो. वरची चार पानं कोणी भरभर वाचेल, पण खात्याला उत्तर द्यावं लागतं ते खालच्या चार ओळींना.

दुसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा कथा एका पानात आणली आणि मागण्या तीन ठेवल्या. कायमचा पंप बसवावा. पाण्याचा निचरा जवळच्या नाल्यापर्यंत न्यावा. काम होईपर्यंत पायी जाणाऱ्यांसाठी वरून वाट मोकळी ठेवावी. या वेळी उत्तर तीन भागांत आलं. पंप मंजूर. निचऱ्याचं काम पुढच्या टप्प्यात. वरची वाट सुरक्षेच्या कारणाने नाकारली, कारण लिहून नाकारली. नकारसुद्धा कारणासह आला की पुढे भांडायला जागा मिळते. पंप आता आहे.

तेव्हापासून माझी सवय पक्की झाली आहे. आधी प्रार्थना लिहितो, मग अर्ज. समोरच्याला विचारतो, ‘उद्या साहेबाने फक्त एक वाक्य वाचलं, तर कोणतं वाचावं?’ ते सांगता येत नसेल तर अजून अर्जाची वेळ झालेली नाही. घाईत आलेल्या पोरांना हे पटत नाही. त्यांना मोबाइलवरचा नमुना हवा असतो, नाव बदललं की झालं. नमुन्यातली प्रार्थना नमुन्याचीच असते, तुमच्या रस्त्याची नसते.

सह्यांचा गठ्ठा

दोन हजार सह्या आणल्या, असं अभिमानाने सांगतात. गठ्ठा उघडावा तर कोऱ्या कागदांवर नुसत्या सह्या. वर मजकूर नाही, नावं अर्धवट, पत्त्याच्या जागी ‘विडी घरकुल’ (विडी कामगारांची वसाहत) एवढंच. घरकुलात हजारो घरं आहेत!

नियम असा की प्रत्येक सही करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता अर्जात हवा, आणि खाली त्याची सही. लिहिता येत नसेल तर अंगठा. मी प्रत्येक पानाच्या माथ्यावर अर्जाचा विषय आणि प्रार्थना छापून घेतो, म्हणजे कोणाची सही कशावर आहे यावर वाद नको. आमच्याकडे बऱ्याच आजींची सही तेलुगूत असते. चालतं, फक्त शेजारी नाव-पत्ता वाचता येईल असा लिहायचा.

अंगठ्याचं वेगळं सांगतो. पन्नास-पन्नास वर्षं तेंदूची पानं कातरून, विड्या वळून या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. हयातीच्या दाखल्याच्या वेळी यंत्र त्यांना ओळखत नाही. कागदावरही शाई जास्त झाली की नुसता काळा डाग उमटतो. म्हणून शाईच्या पॅडवर बोट हलकं टेकवायचं, आधी रद्दीवर एक ठसा घ्यायचा, दुसरा अर्जावर. वेळ लागतो. लागू द्या. नीट घेतलेले चाळीस अंगठे कोऱ्या कागदावरच्या दोन हजार सह्यांपेक्षा जास्त कामाचे.

आणि ऑनलाइन लिंकवर क्लिक करून जमवलेला आकडा म्हणजे या अर्जावरच्या सह्या नव्हेत.

भराभर सांगण्यासारख्या चुका

सोबत कागद जोडणं. पत्रं, प्रतिज्ञापत्रं, दाखल्यांच्या झेरॉक्स औपचारिक याचिकेला जोडायच्या नसतात. तुमच्याकडे फाइल तयार ठेवा, मागितली की द्या.

मराठी अर्ज भाषांतराशिवाय पाठवणं. मराठीत लिहा, जरूर लिहा, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर हवं आणि त्यावरही अर्जदाराची सही हवी. ही दुसरी सही दहातले आठ जण विसरतात.

चुकीचं दार ठोठावणं. उजनी धरणाचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, हा प्रश्न कितीही जिव्हाळ्याचा असला तरी तो महापालिकेचा आणि राज्याचा. त्यासाठी मुंबईत विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे. पीएफची पेन्शन, रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग हे दिल्लीचे.

कोर्टात चालू असलेला विषय नेणं. न्यायालय, न्यायाधिकरण किंवा आयोगापुढे असलेलं प्रकरण तिथे घेत नाहीत. हे लपवू नका.

‘प्रत माहितीसाठी: मा. याचिका समिती.’ पत्र दुसऱ्यालाच लिहायचं आणि खाली समितीचं नाव टाकायचं, याला अर्ज म्हणत नाहीत. त्या प्रतीवर समितीकडे वेगळी विनंती नसेल तर तिचा विचार होत नाही. निनावी पत्राचंही तेच.

शिव्या. भाषा आदराची आणि संयत असावी असा नियमच आहे. राग खरा असतो, मला माहीत आहे. तो माझ्यासमोर बोलून मोकळे व्हा, अर्जात फक्त हकीकत येऊ द्या.

‘मांडला’ म्हणजे ‘झालं’ असं समजणं

यावर मी कितीही बोललो तरी कमीच.

खासदारांनी याचिका मांडली त्या दिवशी लोक टीव्हीसमोर बसतात. साहेब भाषण करतील असं वाटतं. याचिका मांडताना चर्चा होत नाही. कोणाची, किती सह्यांची, कशाबद्दलची, एवढं सांगून खासदार खाली बसतात. मग फोन येतो, ‘अण्णा, आपलं नावसुद्धा नीट घेतलं नाही.’ अहो, काम तिथून सुरू होतं.

अर्ज समितीकडे जातो. समिती मंत्रालयाचं म्हणणं मागवते. गरज वाटली तर अधिकाऱ्यांना समोर बसवून तोंडी साक्ष घेते, कधी अर्जदारालाही बोलावते, कधी जागेवर येऊन पाहते. मग शिफारशींसह अहवाल सभागृहात जातो. त्यानंतरचा टप्पा आपल्याकडे कोणी बघतच नाही: सरकारने शिफारशींचं काय केलं, याचा कार्यवाही अहवाल. त्यात शिफारशींची चार प्रकरणांत वाटणी असते. सरकारने मान्य केलेल्या. सरकारचं उत्तर पाहून समितीने पुढे न रेटलेल्या. सरकारचं उत्तर समितीला न पटल्याने पुन्हा मांडलेल्या. आणि अंतिम उत्तर अजून न आलेल्या.

तुमची मागणी कोणत्या प्रकरणात पडली ते बघा. पहिल्यात असेल तर अंमलबजावणी कुठपर्यंत आली ते विचारा. तिसऱ्यात असेल तर समिती तुमच्या बाजूने उभी आहे, ते पान खासदाराच्या हातात ठेवून प्रश्न विचारायला सांगा. चौथ्यात असेल तर गप्प बसू नका. दुसऱ्यात असेल तर सरकारचं उत्तर शब्दन्‌शब्द वाचा, त्यात चुकीची माहिती असेल तर नवा अर्ज तिथूनच सुरू होतो.

सोलापुरात हे समजायला उदाहरण घरचंच आहे. ईपीएस-९५ (पीएफची १९९५ ची पेन्शन योजना) पेन्शनरांच्या प्रत्येक मोर्चात फलक असतो, ‘कोश्यारी समिती लागू करा’. कितीतरी जणांना ती सरकारने नेमलेली तज्ज्ञ समिती वाटते. ती राज्यसभेची याचिका समिती होती, भगतसिंह कोश्यारी तिचे अध्यक्ष होते. पेन्शनबाबतच्या अर्जावर समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला आणि किमान पेन्शन ३,००० रुपये करावी असं सांगितलं. सरकारने १ सप्टेंबर २०१४ पासून किमान १,००० रुपये केली. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, हे यातून कळतं. पण सामान्य माणसांच्या सह्यांच्या अर्जातून निघालेला आकडा इतक्या वर्षांनीही मोर्चाच्या फलकावर आहे, हेही बघा. अहवाल नसता तर मागायला आकडाच नव्हता.

म्हणून पाठपुराव्याची माझी पद्धत सांगतो. एक लांब वही, प्रत्येक अर्जाला एक पान. पाठवल्याची तारीख, स्पीड पोस्टची पावती चिकटवलेली, समितीकडून आलेला क्रमांक, खात्याचं उत्तर. दर तीन महिन्यांनी एक छोटं पत्र, त्यात आधीच्या क्रमांकाचा उल्लेख आणि एकच प्रश्न. दर आठवड्याला फोन करणाऱ्यांनी कामं लवकर झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

साक्षीला बोलावलं तर आणखी एक सांभाळा. अहवाल सभागृहात येईपर्यंत समितीपुढचं बोलणं बाहेर सांगायचं नसतं. परतीच्या गाडीत बसून व्हॉट्सअॅपवर ‘आज अधिकाऱ्यांना धारेवर धरलं’ असं टाकणं हा विशेषाधिकारभंगाचा, म्हणजे सभागृहाच्या हक्कांना बाधा आणल्याचा विषय होऊ शकतो. जेवलात का, पोचलात का, एवढंच लिहा.

लोकसभा विसर्जित झाली की तिच्या समितीपुढे राहिलेल्या याचिका संपतात. राज्यसभा विसर्जित होत नाही, त्यामुळे तिथे ही अडचण नाही. ५ जून २०२४ ला सतरावी लोकसभा विसर्जित झाली, त्यानंतर मी वहीतली सगळी पानं पुन्हा चाळली. ज्यांचे अर्ज अडकले होते त्यांना एकेक करून बोलावलं, सह्या आणि अंगठे पुन्हा घेतले. दोघी जणी दरम्यान वारल्या होत्या. त्यांच्या सुनांनी सही केली.